लहान कपडे कारखान्याच्या पुरवठा साखळीत एआय: आधी हात कुठे घालावा? (चर्चा: टोपणनाव वर, त्याचं म्हणणं खाली)

ताणाबाणा

वीस ते साठ मशिनांच्या युनिटमध्ये एआय आणायचं म्हटलं की चर्चा मागणीच्या अंदाजावर जाते, नाहीतर कापड तपासणाऱ्या कॅमेऱ्यावर. दोन्ही कामाच्या गोष्टी आहेत. पण एवढ्या आकाराच्या कारखान्यात लाइन थांबते ती बहुतेक वेळा एखादी बारीकशी वस्तू आली नाही म्हणून. कापड कापून गठ्ठे बांधून तयार, आणि साइज लेबलांचा पत्ता नाही. शर्ट शिवून झाले, काजं पडली, आणि बटणं आली ती भलत्याच मापाची.

एका साध्या शर्टाची यादी मांडून बघा: कापड, बकरम (कॉलर-कफाच्या आतलं ताठ कापड), दोरा, बटण, मुख्य लेबल, साइज लेबल, धुलाईचं लेबल, हँगटॅग, पॉलीबॅग, कार्टन. दहा वस्तू झाल्या. प्रत्येक वस्तू वेळेवर येण्याची शक्यता ९५ टक्के धरली आणि एकीच्या उशिराचा दुसरीशी संबंध नाही असं मानलं, तर दहाच्या दहा वेळेवर येण्याची शक्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ६० टक्के. तीच शक्यता वस्तूमागे ९० टक्के असेल तर एकूण ३५ टक्क्यांवर येते. एकेकट्या पुरवठादाराकडे बघितलं तर कुणीच वाईट दिसत नाही, तरी तीनातल्या दोन ऑर्डरी अडकतात.

म्हणून माझं मत असं की पहिलं काम माल कधी येईल याचा अंदाज. त्यासाठी लागणारी नोंद साध्या शीटमध्ये बसते: वस्तू, पुरवठादार, ऑर्डरची तारीख, पहिल्यांदा कबूल केलेली तारीख, नंतर बदललेली तारीख, प्रत्यक्ष आवक, मागवलेलं प्रमाण, आलेलं प्रमाण, तपासणीत पास झालेलं प्रमाण. नऊ रकाने.

यात सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो कबूल तारखेच्या रकान्यात. पुरवठादाराचा फोन येतो, "चार दिवस पुढे ढकला", आणि स्टोअरमधला माणूस जुनी तारीख खोडून नवी लिहितो. वर्षाखेरीस शीट सांगते की हा पुरवठादार कधीच चुकत नाही. मॉडेलही तेच शिकतं. पहिली तारीख एकदा लिहिली की तो रकाना कुलूपबंद करा, बदल शेजारच्या रकान्यात जाऊ द्या.

दुसरी चूक आवकेच्या तारखेत. दोन हजार बटणं मागवली, आठशे वेळेवर आली, उरलेली नऊ दिवसांनी. आवक कुठली धरायची? लाइन सुरू करायला लागणारं प्रमाण पूर्ण झालं ती. तपासणीत नापास होऊन बदलून आलेल्या मालाची तारीखही बदली माल पास झाल्याची, पहिल्या चलानाची नाही.

पुरवठादारामागे तीस-चाळीस नोंदी असतील तर मॉडेल लागतच नाही. उशिराचे दिवस चढत्या क्रमाने लावा, मधला आकडा घ्या आणि ८० टक्क्यांच्या जागी येणारा आकडा घ्या. ज्या वस्तूवाचून लाइन थांबते तिचं नियोजन ८० टक्क्यांच्या आकड्यावर करा, बाकीच्यांचं मधल्या. सगळ्या वस्तू मिळून सहा-सातशे नोंदी जमल्या की मग ग्रेडियंट बूस्टिंग (जुन्या नोंदींवरून शिकून अंदाज करणारी पद्धत; लाइटजीबीएम, एक्सजीबूस्ट ही तिची सॉफ्टवेअरं) लावण्यात अर्थ आहे. त्याला द्यायचं ते असं: वस्तूचा प्रकार, माल तयार स्टॉकमधला की रंगवून येणारा, प्रमाण, महिना, आणि त्या पुरवठादाराकडे त्या क्षणी आपल्या किती ऑर्डरी उघड्या आहेत. हा शेवटचा आकडा सहसा कुणी ठेवत नाही, पण तो वरच्या शीटमधूनच निघतो. अंदाज एकुलती एक तारीख म्हणून मागू नका. माल तोवर येण्याची शक्यता ५० टक्के आणि ८० टक्के, अशा दोन तारखा मागा.

मागणीमोजणी

उत्तम मांडणी. फक्त एक भेद करायला हवा. जॉबवर्क करणाऱ्या किंवा ऑर्डर हातात आल्यावरच कापड घेणाऱ्या युनिटला वरचं सगळं लागू. पण जे स्वतःच्या लेबलखाली माल काढून स्टॉकवर विकतात, त्यांचा पैसा न खपलेल्या साइझेसमध्ये अडकतो. त्यांनी मागणीच्या अंदाजाकडे पाठ फिरवू नये.

मात्र तिथेही मॉडेलआधी नोंद. विक्री म्हणजे मागणी नव्हे. समजा एका कुर्त्याच्या एल साइझचे २८ नग होते. पहिल्या सात दिवसांत सगळे गेले, पुढचे सात दिवस कप्पा रिकामा. चौदा दिवसांची सरासरी दिवसाला २ नग येते, खरी मागणी ४ ची होती. मॉडेलला नुसती विक्री दिली तर पुढच्या खेपेला ते एल कमी कापायला सांगतं, कमी कापल्यावर एल आणखी लवकर संपतो, आणि आकडा पुन्हा खाली जातो. चांगली खपणारी साइझ अशी हळूहळू स्टॉकमधून नाहीशी होते आणि डबल एक्सएलचे ढीग राहतात.

उपाय: रोज रात्री साइझवार शिल्लक नोंदवा. जो दिवस सुरू होतानाच शिल्लक शून्य होती तो दिवस भागाकारातून वगळा. साइझचं गुणोत्तर काढताना तर फक्त तेच दिवस घ्या ज्या दिवशी सगळ्या साइझ हजर होत्या.

दुसरं म्हणजे अंदाज कोणत्या पातळीवर करायचा. १२ स्टाइल, ४ रंग, ५ साइझ म्हणजे २४० वेगळे नग. आठवड्याला प्रत्येकाचे दोन-तीन खपत असतील तर त्या पातळीवरचा अंदाज म्हणजे नाणेफेक. स्टाइलच्या पातळीवर अंदाज करा, रंगाची वाटणी रंगाच्या हिश्श्यावर, आणि साइझची वाटणी त्या फिटच्या गुणोत्तरावर. गुणोत्तर एका स्टाइलचं काढू नका. स्लिम फिटच्या सगळ्या स्टाइल एकत्र, रेग्युलरच्या एकत्र.

तुरळक खपणाऱ्या मालासाठी क्रॉस्टनची १९७२ ची पद्धत आजही चालते: विक्री झाली तेव्हा किती झाली याची सरासरी वेगळी, आणि दोन विक्रींमधलं अंतर वेगळं. दोन्हींचा भागाकार. शीटमध्ये दहा मिनिटांत बसते.

मॉडेलच्या ताकदीबद्दलही अपेक्षा जागेवर असाव्यात. २०२० च्या एम५ या अंदाजांच्या स्पर्धेत किरकोळ विक्रीचे हजारो वस्तूंचे आकडे दिले होते. वरच्या क्रमांकांवर लाइटजीबीएम वापरणारे आले हे खरं, पण भाग घेतलेल्या बहुसंख्य संघांना साध्या एक्स्पोनेन्शियल स्मूदिंगला (ताज्या आकड्यांना जास्त वजन देणाऱ्या सरासरीला) मागे टाकता आलं नाही. म्हणून कुणी सॉफ्टवेअर विकायला आलं तर पहिली मागणी ही करा: आमच्याच मागच्या वर्षाच्या आकड्यांवर तुमचा अंदाज आणि चार आठवड्यांची साधी सरासरी शेजारी-शेजारी दाखवा.

चूक मोजायची कशी तेही ठरवून घ्या. नगामागे टक्केवारी काढली तर १ खपला आणि अंदाज ३ होता, की चूक २०० टक्के. असे चार नग सगळा हिशेब बिघडवतात. सगळ्या चुकांची (कमी की जास्त ते न बघता) बेरीज भागिले एकूण विक्री, हा आकडा घ्या. आणि सोबत चुकीची दिशा बघा: अंदाज सतत वरच जातोय की खाली? दिशा एकाच बाजूची असेल तर चूक लहान असूनही गोदाम भरत जातं.

कातरण

दोघांशीही सहमत, पण कपड्याच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा कापडाचा असतो आणि या चर्चेत कापड अजून आलेलंच नाही. तारीख बरोबर निघाली, मागणी बरोबर निघाली, आणि कापड कमी पडलं तर काय उपयोग?

होजिअरीचं (टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाचं) उदाहरण घ्या, कारण तिथे कापड किलोवर येतं आणि लागतं मीटरवर. एका किलोत किती मीटर? १००० भागिले (जीएसएम गुणिले मीटरमधला पन्हा). जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन. १८० जीएसएम आणि १.८ मीटर उघडा पन्हा असेल तर ३.०९ मीटर. तोच माल १९० जीएसएमचा आला तर २.९२ मीटर. ५०० किलोच्या खेपेत हा फरक ८१ मीटरचा, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त नग कमी. वजन बरोबर, चलान बरोबर, हिशेबनीस खूश, आणि कटिंग टेबलावर शेवटचे थर अपुरे.

त्यामुळे कापडाच्या खपाचा अंदाज मॉडेलकडून घ्यायचा असेल तर त्याला ऑर्डरवरचा जीएसएम देऊ नका, आलेल्या ताक्यावर मोजलेला द्या. जीएसएम कटरने १०० चौरस सेंटिमीटरची चकती कापायची, ग्रॅममधलं वजन गुणिले १००. ताक्याच्या कडेपासून हात आत, किमान तीन ठिकाणी. मोजण्याआधी कापड उलगडून ठेवलेलं असावं. ताणलेल्या ताक्यातून लगेच कापलेली चकती हलकी भरते, आणि तेच कापड मोकळं झाल्यावर आखडतं. लायक्रा असलेल्या मालाला २४ तास मोकळं पडू द्यावं.

मागावर विणलेल्या कापडात गोष्ट पन्ह्याची. एकाच खेपेत १४७, १४८, १५० सेंटिमीटरचे ताके निघतात आणि मार्कर (कापडावर भाग मांडायचा आराखडा) सगळ्यांसाठी १४७ चा लागतो. १५० वाल्या ताक्यावर ३ सेंटिमीटर, म्हणजे २ टक्के कापड चिंधीत. ताक्यांचे पन्ह्यानुसार दोन गट केले आणि दोन मार्कर काढले तर हा तोटा बराचसा वाचतो. ताक्यांचे गट पाडणं, कुठल्या ताक्यातून किती थर निघतील आणि शेवटी किती तुकडा उरेल याची जुळणी लावणं, ही कामं संगणक माणसापेक्षा सरस करतो. कारण चाळीस ताक्यांच्या जुळण्या डोक्यात मावत नाहीत. पण त्याला प्रत्येक ताक्याची लांबी, पन्हा, शेड आणि लॉट क्रमांक हवा. नुसतं "४००० मीटर, नेव्ही" असं रजिस्टर असेल तर त्यातून काहीच निघणार नाही.

अवांतर: मार्कर आपोआप लावणारी सॉफ्टवेअरं हल्ली एआय म्हणून विकली जातात. मुळात तो शोध-गणिताचा प्रकार आहे आणि अनेक दशकं वापरात आहे. चांगलाच आहे. फक्त बंधनं नीट भरली आहेत का ते बघा. मखमल, कॉर्डुरॉय, ब्रश केलेलं फ्लीस अशा रोवा असलेल्या कापडात भाग उलटा फिरवण्याची मुभा चुकून चालू राहिली तर मार्करची कार्यक्षमता दोन टक्के वाढलेली दिसते आणि शिवल्यावर डावी-उजवी बाजू दोन रंगांची. चौकडीत तर जुळवायच्या खुणा न देता लावलेला मार्कर फेकूनच द्यावा लागतो.

काजबटण

एक व्यवहारातली अडचण. ऑर्डरी येतात फोनवरच्या मेसेजमधून, हाताने लिहिलेल्या कागदाच्या फोटोतून, आवाजी निरोपातून. वरच्या नऊ रकान्यांत ते भरणार कोण? यासाठी चॅट करणारी एआय वापरता येते का, आणि तिच्यावर विश्वास किती ठेवावा?

नोंदवही

वापरता येते, आणि लहान युनिटला सगळ्यात आधी फायदा इथेच दिसतो असं माझं मत. अट एकच: तिने वाचावं, ठरवू नये.

मेसेज असा असतो बघा: "मागच्यासारखंच, काळा १२०, नेव्ही ८०, रेशो सेम, पन्हा ५८ चालेल, १५ पर्यंत द्या." यात मागच्यासारखं म्हणजे कुठल्या ऑर्डरसारखं? ५८ इंच, हे माणसाला कळतं. १५ म्हणजे या महिन्याची की पुढच्या? आणि १२० नग की १२० मीटर? भाषेचं मॉडेल या चारही रिकाम्या जागा न अडखळता भरून टाकतं, आणि भरलेलं इतकं नीटनेटकं दिसतं की कुणाला शंका येत नाही. धोका तिथेच आहे.

म्हणून सूचना लिहिताना हे पक्कं करा. जे मेसेजमध्ये नाही तो रकाना रिकामा ठेवायचा. प्रत्येक भरलेल्या आकड्याशेजारी मूळ मेसेजमधले नेमके शब्द उतरवायचे. एकक लिहिलेलं नसेल तर "एकक नाही" असं लिहायचं, स्वतः धरायचं नाही. स्टाइल आणि रंग आपल्याच यादीतल्या कोडमधून निवडायचे, यादीत न बसणारं असेल तर "सापडलं नाही". ही यादी दर वेळी सूचनेसोबत द्यावी लागते. नाहीतर नेव्ही, डार्क ब्लू आणि गडद निळा असे तीन वेगळे रंग तयार होतात आणि तिघांचं कापड वेगळं मागवलं जातं.

बेरीज-वजाबाकी तिला सांगू नका. साइझवार नगांची बेरीज रंगाच्या एकूण संख्येशी जुळते का, रंगांची बेरीज ऑर्डरशी जुळते का, हे शीटमधल्या सूत्राने तपासा. न जुळणारी ओळ लाल व्हायला हवी आणि लाल ओळ माणसाने मूळ फोटो उघडून बघितल्याशिवाय पुढे जाता कामा नये.

एककांचं एक कोष्टक शीटमध्ये कायमचं ठेवा. १ यार्ड ०.९१४४ मीटर. १ ग्रोस १४४ नग. बटणाची लायनी म्हणजे ०.६३५ मिलिमीटर, तेव्हा १८ लायनीचं बटण ११.४ मिलिमीटरचं. १००० यार्ड अस्तर १००० मीटर म्हणून नोंदलं गेलं तर ८५.६ मीटर कमी पडतं, आणि हे कळतं ते शेवटच्या लॉटला. दोऱ्याच्या कोनावरची लांबी तर कोनागणिक बदलते, तिथे नगसंख्येवर न जाता मीटर लिहून घ्या.

हस्ताक्षरात देवनागरी आकडे असतील तर आणखी जपून. ५ आणि ४, १ आणि ९ यांची गल्लत होते. शिवाय एकाच कागदावर काही आकडे देवनागरी आणि काही इंग्रजी असले की चूक वाढते, कारण इंग्रजी नऊ आणि देवनागरी एक झटकन लिहिले की सारखे दिसतात. आवाजी निरोपात "पावणेदोनशे" आणि "सव्वाशे" हे शब्द आकड्यांत नीट उतरतात का, हे आधी वीस-पंचवीस जुन्या निरोपांवर तपासून घ्या.

आणि ऑर्डर देणाऱ्याला वाचलेल्या आकड्यांचं कोष्टक परत पाठवून "बरोबर" असं उत्तर घ्या. कापड मागवायचं ते या उत्तरानंतर. एआय असो वा नसो, ही सवय स्वतःच्या बळावरही फायद्याची आहे.

काजबटण

फार उपयोगी, धन्यवाद. "मागच्यासारखंच" याचं काय करायचं? बहुतेक मेसेजात ते असतंच.

नोंदवही

त्या ग्राहकाच्या शेवटच्या तीन ऑर्डरी क्रमांकासह समोर मांडायच्या आणि त्यालाच विचारायचं, यातली कुठली? तिन्ही ऑर्डरी शोधून मांडण्याचं काम एआयने करावं, निवड ग्राहकाने.

उभाआडवा

कापड तपासणीच्या कॅमेऱ्याबद्दल कुणी सविस्तर लिहील का? फोन टेबलावर अडकवून छिद्रं आणि डाग शोधणं जमेल असं बरेच जण म्हणतात.

चौथापॉइंट

आकडे मांडले की चित्र स्पष्ट होतं. अर्ध्या मिलिमीटरचा दोष पकडायचा असेल तर त्यावर किमान तीन पिक्सेल पडले पाहिजेत, म्हणजे पिक्सेलमागे ०.१७ मिलिमीटर. १.८ मीटर पन्ह्याला आडवे साधारण १०,६०० पिक्सेल लागतात. ४०९६ पिक्सेलचे तीन लाइन-स्कॅन (एका वेळी एकच ओळ टिपणारे) कॅमेरे शेजारी-शेजारी. कापड मिनिटाला २० मीटर वेगाने जात असेल तर सेकंदाला ३३३ मिलिमीटर, तेव्हा प्रत्येक कॅमेऱ्याने सेकंदाला जवळपास दोन हजार ओळी टिपायच्या, आणि तेही रोलरच्या गतीशी एन्कोडरने (रोलर किती फिरला ते मोजणाऱ्या उपकरणाने) बांधून. नाहीतर वेग बदलला की चित्र ताणलं किंवा आखडलं जातं. त्यावर सारखा प्रकाश: वरून, आणि छिद्र व पातळ जागेसाठी खालून. फोनने हे होत नाही. आधीच सापडलेल्या दोषाचा फोटो काढून त्याचं नाव ठरवायला फोन ठीक आहे.

लहान युनिटसाठी माझा सल्ला वेगळा. तपासणी टेबलावर माणूसच राहू द्या, चार-पॉइंट पद्धत वापरा आणि त्याच्या नोंदी संगणकाच्या हाती द्या. ३ इंचापर्यंतच्या दोषाला १ पॉइंट, ३ ते ६ ला २, ६ ते ९ ला ३, त्यापुढे ४. छिद्र १ इंचापर्यंत असेल तर २, मोठं असेल तर ४. एका यार्डात ४ पेक्षा जास्त पॉइंट धरत नाहीत. मग एकूण पॉइंट गुणिले ३६०० भागिले (इंचातला पन्हा गुणिले यार्डातली लांबी). ५८ इंची, १०० यार्डांच्या ताक्यात २२ पॉइंट निघाले तर १०० चौरस यार्डांना १३.७. सर्वसाधारणपणे ४० पर्यंतचा माल घेतात, पण मर्यादा खरेदीच्या कागदावर लिहिलेली असावी.

नोंदवताना नुसते पॉइंट नकोत. दोषाचा प्रकार आणि ताक्याच्या सुरुवातीपासून किती मीटरवर, हेही. मग संगणकाला नमुने दिसतात. होजिअरीत एकच उभी रेघ सगळ्या ताक्यात त्याच जागी असेल तर सुईचा दोष, ठरावीक अंतराने आडवे पट्टे असतील तर विणतानाच्या ताणाचा किंवा एका फीडरवर (सुयांना सूत पुरवणाऱ्या भागावर) वेगळ्या लॉटचं सूत चढल्याचा संशय. पुरवठादाराला "माल खराब आहे" म्हणण्यापेक्षा "दर इतक्या सेंटिमीटरवर पट्टा आहे" म्हटलं की त्याला मशीन शोधता येतं.

रंगासाठी मात्र फोन कॅमेरा अजिबात नको. तो स्वतःहून पांढऱ्याचा समतोल बदलतो, आणि दोन फोटोंतला फरक कापडाचा की कॅमेऱ्याचा हे कळत नाही. शेड बघायची ती लाइट बॉक्समध्ये, दिवसाच्या उजेडासाठी डी६५ दिव्याखाली आणि दुकानी प्रकाशासाठी टीएल८४ खाली. दोन्हीकडे जुळली पाहिजे. एका प्रकाशात जुळून दुसऱ्यात फुटणारे रंग असतातच. प्रत्येक ताक्याचा एक तुकडा कापून, लॉट क्रमांक लिहून, शेडनुसार लावून ठेवा आणि एका नगाचे सगळे भाग एकाच ताक्यातून जातील अशी कटिंगला सूचना.

मागणीमोजणी

चौथापॉइंट यांच्या प्रतिसादाला जोडून: तयार मालाच्या तपासणीतही तेच. एक्यूएल (सदोष नगांची चालणारी मर्यादा, टक्क्यांत) २.५, तपासणीची सर्वसाधारण पातळी २, लॉट १२०१ ते ३२०० नगांचा असेल तर नमुना १२५, सातपर्यंत सदोष चालतात, आठवा निघाला की लॉट परत. हा निकाल "पास" एवढाच लिहून ठेवला तर माहिती वाया. १२५ मध्ये ० निघाले की ७, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ७ वर पास होणारा लॉट पुढच्या वेळी अडकणार हे मॉडेललाही कळतं आणि माणसालाही, पण आकडा लिहिला असेल तरच.

ताणाबाणा

आता तारीख आणि मागणी यांची सांगड घालतो, कारण राखीव साठा ठरवताना दोन्ही एकत्र येतात.

समजा काळं बकरम आठवड्याला सरासरी २०० मीटर लागतं, चढ-उतार (प्रमाण विचलन) ६० मीटर, माल यायला ४ आठवडे. ९५ टक्के खात्रीसाठी गुणक १.६५. नेहमीचं सूत्र: १.६५ गुणिले ६० गुणिले ४ चं वर्गमूळ, म्हणजे १९८ मीटर. हे सूत्र धरून चालतं की माल बरोबर चारच आठवड्यांत येतो.

आता येण्याच्या वेळेतही एका आठवड्याचं विचलन आहे असं धरा. वर्गमुळाखाली ४ गुणिले ३६०० अधिक २०० चा वर्ग गुणिले १, म्हणजे १४,४०० अधिक ४०,०००. वर्गमूळ २३३, गुणिले १.६५ म्हणजे ३८५ मीटर. साठा जवळजवळ दुप्पट. आणि वर्गमुळाखालचे दोन आकडे बघा: ४०,००० हा वेळेचा, १४,४०० मागणीचा. मागणीचा अंदाज अगदी अचूक झाला आणि तो १४,४०० शून्यावर आला तरी साठा ३३० मीटर लागणारच. उलट पुरवठादाराची तारीख पक्की झाली की थेट १९८. पहिल्या पोस्टमध्ये आवकेच्या तारखेपासून सुरुवात करा म्हटलं ते या हिशेबावरून. वस्तू बदलली की आकडे बदलतील, प्रत्येकाने आपल्या पाच मुख्य वस्तूंवर हे करून बघावं. कुठला आकडा मोठा येतो तिथे आधी लक्ष.

कातरण

हे पटलं. एक भर: ऑर्डरचं किमान प्रमाण या सूत्रात येत नाही. पुरवठादार ५०० मीटरच्या खाली देत नसेल तर १९८ आणि ३८५ मधला फरक बऱ्याचदा उरतच नाही. रंगवून घ्यायच्या कापडात तर डाइंगच्या भांड्याची क्षमताच किमान प्रमाण ठरवते. भांडं अर्धं भरलं तर पाण्याचं गुणोत्तर बदलतं आणि शेडही सरकते. अशा वेळी चार स्टाइल एकाच ग्रे (न रंगवलेल्या) कापडावर आणि एकाच रंगावर आणता येतात का हे शोधणं जास्त फायद्याचं. ग्रे कापड स्टॉकमध्ये, रंग ऑर्डर पक्की झाल्यावर. स्टाइलांच्या यादीत सारखं जीएसएम, सारखं सूत, जवळचा पन्हा शोधून गट सुचवणं हे एआयला चांगलं जमतं, पण अंतिम होकार पॅटर्न मास्टरचा. कापड अंगावर कसं पडतं आणि किती आखडतं ते त्यालाच कळतं.

काजबटण

आणखी दोन शंका. ग्राहकाचे टेकपॅक (कपड्याची मापं आणि तपशील असलेली फाइल) आणि पॅटर्न बाहेरच्या एआय सेवेत टाकावेत का? आणि पुरवठादाराला त्याच्या उशिराचे आकडे दाखवावेत का?

नोंदवही

पहिल्याचं उत्तर: ग्राहकाच्या करारात गुप्ततेचं कलम असेल तर लेखी परवानगीशिवाय नाही. फुकटच्या खात्यात टाकलेला मजकूर प्रशिक्षणासाठी वापरला जाऊ शकतो, सेवेच्या अटींत ते वाचून घ्या. बऱ्याच कामांना टेकपॅक लागतही नाही. वस्तू, प्रमाण आणि तारीख एवढंच पुरतं, ग्राहकाचं नाव काढून त्याजागी क्रमांक. पॅटर्नच्या फाइली स्वतःच्या संगणकावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्येच ठेवा.

ताणाबाणा

दुसऱ्याचं: दाखवा, पण दटावण्यासाठी नको. उशीर कुठे होतो हे पुरवठादारालाच माहीत असतं, आणि त्यातला काही भाग आपला असतो. लेबलाचा मजकूर मंजूर करायला आपण सहा दिवस लावले आणि उशीर लेबलवाल्याच्या नावावर चढला, असं सर्रास होतं. म्हणून शीटमध्ये दहावा रकाना घाला: आपल्याकडून मंजुरी गेल्याची तारीख. लॅब डिप (रंगाचा छोटा नमुना), लेबलाचा नमुना, बटणाचा नमुना, जे काही असेल त्याची. पुरवठादाराची मुदत तिथून मोजा, ऑर्डरच्या तारखेपासून नाही. हा रकाना भरल्यावर उशिराचा बराच हिस्सा मंजुरीच्या टेबलाकडे सरकलेला दिसला तर तिथली दुरुस्ती करायला कुठलंच मॉडेल लागत नाही.

उभाआडवा

चालू कामात हे बसवायचं कसं? एकदम सगळं मॉडेलच्या तारखांवर सोडणं धोक्याचं वाटतं.

ताणाबाणा

सोडूच नका. पहिले आठ-दहा आठवडे मॉडेलची तारीख फक्त शेजारी लिहायची, निर्णय पूर्वीसारखाच. खरेदी बघणाऱ्या माणसाची अंदाजी तारीखही लिहून घ्यायची, मॉडेलची तारीख बघण्याआधी. मग तीन आकडे तुलनेला मिळतात: पुरवठादाराचा शब्द, आपल्या माणसाचा अंदाज, मॉडेलचा अंदाज. ८० टक्क्यांची तारीख दिली आहे, तर दहातल्या आठ वस्तू त्या तारखेपर्यंत आल्या का तेही मोजा. सहाच आल्या तर मॉडेल जास्त आशावादी आहे, दहाच्या दहा आल्या तर ते उगाच दिवस वाढवतंय आणि आपण माल लवकर मागवून गोदाम भरतोय.

या आठ-दहा आठवड्यांनंतर एखाद्या वस्तूत आपला माणूस सतत सरस ठरत असेल तर ती वस्तू त्याच्याकडेच ठेवा आणि तो कशावरून ओळखतो ते विचारा. सूत महागलं की डाइंगवाले आधी मोठ्या गिऱ्हाइकांचा माल काढतात, असं काही उत्तर आलं, तर सुताचा भाव हा अकरावा रकाना.